हिवाळ्यात कॅराव्हॅनमधलं पाणी काढायचं का? नागपूरचं उत्तर वेगळं, मनालीचं वेगळं

भाऊ, तुमचा प्रश्न मी असा समजलो. ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधून घेतलेली कॅराव्हॅन आहे. शंभर लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप, सहा लिटरचा गिझर, सिंक, शॉवर आणि कॅसेट टॉयलेट (मैल्याची पेटी बाहेर काढून रिकामी करायची असते ते). नोव्हेंबरपासून गाडी काटोल रोडच्या शेतावर टिनाच्या शेडखाली उभी राहणार. परदेशी व्हिडिओंमध्ये लोक हिवाळ्याआधी सगळं पाणी काढून नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे सहज न गोठणारं द्रव, भरताना दिसतात, तर आपणही ते करायचं का? आणि डिसेंबरअखेर मेहुणे हीच गाडी मनालीला नेणार आहेत, त्याचं काय?

माझं काम गाड्यांमधल्या प्लंबिंगचंच. नागपूरजवळ वाडीला वर्कशॉप आहे. आधी ॲम्ब्युलन्स आणि फूड ट्रक करायचो, आता कॅम्परव्हॅनही येतात. त्या अनुभवावरून सांगतो. पाणी काढायचं, हे दोन्हीकडे खरं आहे. पण नागपुरात ते वेगळ्या कारणासाठी काढायचं असतं आणि मनालीसाठी वेगळ्या. कारण नीट कळलं नाही तर माणूस टाकी रिकामी करतो, काम झालं असं समजतो, आणि नुकसान करणारं पाणी आतच राहतं. टाकी रिकामी होणं म्हणजे सिस्टीम रिकामी होणं नव्हे. टाकी संपल्यावरही पंपाच्या डोक्यात, गाळणीच्या वाटीत, गिझरमध्ये, गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळामध्ये, शॉवरच्या नळीत आणि पाइप जिथे जिथे झोळ खातो तिथे पाणी उरतं. सगळी गोष्ट या उरलेल्या पाण्याचीच आहे.

आधी नागपूर. आपल्याकडे पाणी गोठत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला शहरात ३.५ अंशांची नोंद झाली, ती आजवरची नीचांकी मानली जाते. त्या रात्रीसुद्धा शेडखालच्या गाडीतली नळी फुटली नसती. म्हणून नुसत्या नागपूरच्या मुक्कामासाठी अँटिफ्रीझवर एक रुपयाही घालवू नका. पेंच, ताडोबा, नवेगावबांध इथल्या मुक्कामालाही हेच लागू. पचमढीला काही रात्री पारा शून्याजवळ येतो. तिथे जाणार असाल तर निघण्याआधी अंदाज बघा आणि रात्री बाहेरच्या नळ्या रिकाम्या ठेवा, तेवढं पुरतं.

मग नागपुरात पाणी का काढायचं? कारण ते खराब होतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काही दिवसांत निघून जातं. बोअरचं पाणी भरलं असेल तर त्यात ते मुळातच नसतं. आपल्या हिवाळ्यात रात्र थंड असली तरी दुपारी टिनाखाली बंद गाडी चांगलीच तापते आणि टाकीतलं पाणी कोमट राहतं. २० ते ४५ अंश हा लिजिओनेला या जिवाणूच्या वाढीचा पट्टा आहे. हा जंतू पाणी पिण्यापेक्षा शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो, म्हणून "आम्ही ते पाणी पीतच नाही" हे उत्तर चालत नाही. घरात म्हातारी माणसं असतील, कुणाला दमा असेल तर जास्तच जपा.

दुसरं कारण नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण डास तयार होतो. दर मोसमात महापालिकेची माणसं कूलर तपासत फिरतात ती याचसाठी. कॅराव्हॅनच्या टाकीला व्हेंट, म्हणजे हवेचं भोक, असतो, भरायच्या तोंडाचं झाकण सैल असतं, आणि खालची सांडपाण्याची टाकी तर बहुतेक वेळा उघडीच असते. शिवाय ही अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि सुकल्यावरही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, टाकीची भिंत हात घालून घासावी लागते. तुमच्या टाकीला हात जाईल एवढं तपासणीचं झाकण नसेल तर बसवून घ्या. गाडीवर केलेल्या खर्चात हा खर्च किरकोळ आहे.

इथे एक गोष्ट तुमच्यावर अवलंबून आहे. दर पंधरा दिवसांनी गाडी बाहेर निघणार असेल तर सगळं खोलून सुकवण्याचा उपद्व्याप करू नका. आल्याबरोबर टाकी रिकामी करा, निघताना ताजं भरा, गिझर पूर्ण तापवा आणि प्रत्येक नळ, शॉवरसकट, मिनिट-दोन मिनिटं वाहू द्या. पण गाडी महिना-दीड महिना हलणार नसेल तर पूर्ण निचरा करायचाच. मधली अवस्था सगळ्यात वाईट. टाकी रिकामी, नळ बंद, आत ओल. अशा गाड्या फेब्रुवारीत माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी पंपाच्या तोंडाची गाळणी उघडतो. पारदर्शक वाटी आतून हिरवट झालेली असते, जाळीवर बोटाला बुळबुळीत लागणारा थर असतो, आणि वाटी फिरवताच कुजका वास येतो. टाकी मात्र स्वच्छ दिसते. मालक टाकीतच डोकावतो, त्यामुळे त्याला कशाचाच पत्ता नसतो.

आता निचरा कसा करायचा. तो दोन्ही ठिकाणांसाठी सारखाच आहे. पहिलं काम गिझरचं बटण बंद करून एमसीबी खाली पाडणं, आणि पाणी थंड व्हायला वेळ देणं. बटणावर चिकटपट्टी लावून ठळक लिहा, "गिझर रिकामा आहे". रिकाम्या गिझरचं बटण कुणीतरी सवयीने दाबतं आणि एलिमेंट जळतं. मेहुणे गाडी नेणार आहेत, म्हणजे ही चिकटपट्टी तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी आहे.

मग गाडी अशी उभी करा की ड्रेनचं तोंड सगळ्यात खाली येईल. मागच्या डाव्या कोपऱ्यात ड्रेन असेल तर पुढच्या उजव्या चाकाखाली फळी द्या. दोन-तीन इंच उतारानेही फरक पडतो. टाकीचा ड्रेन उघडा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो पाणी, तेव्हा शेडमध्ये चिखल करण्यापेक्षा पाइप लावून झाडांना सोडा. टाकी संपल्यावर सगळे नळ उघडून पंप थोडा चालवा आणि थुंकल्यासारखी हवा यायला लागली की बंद करा. डायफ्राम (लवचीक पडद्याचा) पंप थोडा वेळ कोरडा चालला तर मरत नाही, पण उगाच चालत ठेवू नका. त्यानंतर पंपाच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही नळ्या सोडवा, खाली बादली धरा आणि एक-दोन सेकंद पंप फिरवा. त्याच्या डोक्यात अडकलेलं पाणी तेव्हाच बाहेर पडतं. गाळणीची वाटी काढून धुवा, सुकवा आणि सैल लावून ठेवा.

गिझरवर मी जास्त बोलणार आहे, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. गरम पाण्याचा नळ उघडला म्हणजे गिझर रिकामा झाला असं वाटतं. तसं होत नाही. स्टोरेज गिझरमध्ये थंड पाणी खालून येतं आणि गरम पाणी वरच्या टोकापासून उचललं जातं. पंपाचा दाब आहे तोवरच नवं पाणी जुन्याला वर ढकलतं. दाब गेला की नळातून फक्त वरचा थोडा भाग येतो आणि बाकीचे जवळपास सहाच्या सहा लिटर आत बसून राहतात. मागेही जाता येत नाही, कारण थंड पाण्याच्या तोंडाशी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, असतो. घरगुती गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्येच तो बसवलेला असतो. म्हणजे गिझर खालून रिकामा करायचा आणि वरून हवा आत जाऊ द्यायची. हवा न देता खालचा ड्रेन उघडलात तर वरचं टोक बोटाने दाबलेल्या स्ट्रॉसारखं होतं, थोडं पाणी गळतं आणि थांबतं. म्हणून आधी गरम पाण्याचे सगळे नळ उघडा, मग सेफ्टी व्हॉल्व्हची छोटी दांडी उचला किंवा ड्रेन प्लग काढा. दोन्ही नसेल तर थंड पाण्याची नळी खालून सोडवा. खाली बादली ठेवा आणि पाणी मोजा. सहा लिटरचा गिझर असेल तर बादलीत पाच-साडेपाच लिटर तरी यायला हवं. चारच लिटर आलं असेल तर काम अजून संपलेलं नाही.

गिझर उघडलाच आहे तर त्याचा मॅग्नेशियम रॉडही (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा) काढून बघा. बोअरच्या जड पाण्यावर तो लवकर झिजतो. नुसती तार उरली असेल तर बदला. एलिमेंटवर पांढरा थर असेल तर सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने सोडवा. मात्र ते ब्लीचिंगसोबत किंवा त्याच्या लगेच आधी-नंतर कधीच वापरू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि गाडीची केबिन म्हणजे लहानशी बंद खोली. दोन कामं दोन वेगळ्या दिवशी करा, मध्ये भरपूर साधं पाणी सोडा.

मिक्सर एका दांडीचा असेल तर ती उचलून मध्यभागी ठेवा. डावीकडे ठेवली तर फक्त गरम बाजू उघडी राहते आणि थंड बाजू भरलेली राहते. शॉवरची नळी खोलून खाली लोंबू द्या, शॉवरचं डोकं काढून झटका. पाण्याचा फिल्टर असेल तर कार्ट्रिज काढून टाका, पुढच्या मोसमात नवी लावा. ओली कार्ट्रिज तीन महिने जपून ठेवण्यात अर्थ नाही. टॉयलेटची फ्लश टाकी रिकामी करा, कॅसेट धुऊन झाकण उघडं ठेवून सुकवा. कॅसेटच्या रबरी सीलला पेट्रोलियम जेलीचा हात लावू नका, काही रबरं तिने फुगतात. सिलिकॉन ग्रीस चालतं.

इतकं झालं की सगळे नळ आणि ड्रेन उघडे ठेवून गाडी एक-दोन किलोमीटर फिरवून आणा. शेताचा खडबडीत रस्ता यासाठी उत्तम. परत आल्यावर ड्रेनखाली पुन्हा बादली धरा, हटकून पाणी मिळेल. झोळांत अडकलेलं पाणी धक्क्यांनी सरकतं. कॉम्प्रेसर नसलेल्या माणसाला मी हीच युक्ती सांगतो.

कॉम्प्रेसर वापरायचा असेल तर सांभाळून. पंक्चरवाल्याची टाकी शंभर पीएसआयच्या वर भरलेली असते आणि तुमचा पंप ज्या दाबाला बंद होतो तो साधारण चाळीस पीएसआय. सगळे जोड तेवढ्याच हिशोबाने कसलेले असतात. रेग्युलेटर लावून तीस पीएसआयच्या आत ठेवा, पंपाच्या पुढच्या नळीतून हवा सोडा, आणि एका वेळी एकच नळ उघडा. सगळे एकदम उघडले तर हवा सोप्या वाटेने निघून जाते आणि लांबची नळी तशीच राहते. जुन्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचे कण येतात. आपण पिण्याच्या पाण्याची नळी फुंकतोय, तेव्हा मध्ये फिल्टर लावा, नाहीतर चाकात हवा भरायचा १२ व्होल्टचा छोटा पंपच वापरा. वेळ लागतो, पण हवा स्वच्छ असते.

नागपूरच्या मुक्कामात यापुढचं काम म्हणजे सुकलेलं सुकंच ठेवणं. टाकीचं झाकण थोडं उघडं ठेवायचं, पण प्रत्येक उघड्या तोंडाला बारीक जाळी बांधायची. शेतावर कुंभारमाशी पाइपच्या तोंडात मातीचं घर करते, आणि उन्हाळ्यात गाडी काढली की व्हेंट बंद. त्याचा परिणाम असा की पंप ओढतो, टाकी आत दबते, आणि माणूस पंप बदलून मोकळा होतो. उंदीर मऊ नळ्या कुरतडतात, म्हणून सिंकखालचं कपाट आणि मजल्यातली भोकं महिन्यातून एकदा टॉर्च लावून बघा. सिंकखालच्या ट्रॅपमधलं (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वळणातलं) पाणी काढलं असेल तर सिंकला बूच लावा, नाहीतर सांडपाण्याच्या टाकीतला वास आणि झुरळं दोन्ही वर येतील. सांडपाण्याची टाकी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन तिचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा.

आता मनाली. तिथे कारण बदलतं. पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण नऊ टक्के वाढतं. नळीत एका बाजूला बर्फाचा बोळा तयार होतो, दुसऱ्या बाजूला बंद नळ, आणि मधल्या पाण्याला जायला जागा नसते. तिथला दाब एवढा वाढतो की जे सगळ्यात कमजोर ते तडकतं. म्हणूनच नळ उघडे ठेवण्याला इतकं महत्त्व. शंभर लिटरची भरलेली टाकी गोठायला बराच वेळ लागतो. आधी जातात ते गाडीखालून जाणारे पाइप, ड्रेन कॉक, बाहेरचा शॉवर, पंपाचं डोकं. चालत्या गाडीच्या वाऱ्याने खालचे पाइप आणखी लवकर थंड होतात. तुमच्या गाडीत सीपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकचे पाइप) असेल तर ते थंडीत ठिसूळ होतं, पेक्स (लवचीक प्लॅस्टिकची नळी) थोडं ताणून घेतं. पण पेक्सच्या नळीलाही जोड असतातच.

अशीच एक गाडी जानेवारीत पहाडातून परत आली होती. तक्रार एवढीच की नळ बंद असतानाही पंप अधूनमधून दोन सेकंद वाजतो. मालकाने टाकी रिकामी ठेवली होती आणि ते खरंही होतं. सिंकमागची प्लाय काढली तर ती खालून फुगली होती. पंपाच्या प्लॅस्टिकच्या डोक्यावर एका स्क्रूपासून दुसऱ्या स्क्रूपर्यंत केसाएवढी रेघ होती. दाब नसताना ती कोरडी, पंप सुरू झाला की तिच्यावर घामासारखे थेंब. मिक्सरचं कार्ट्रिज आतून तडकलेलं. नळी एकही फुटली नव्हती. गेलं ते सगळं टाकीनंतर उरलेल्या पाण्याने.

ट्रुमासारख्या जर्मन हीटरमध्ये तापमान तीन अंशांच्या आसपास आलं की आपोआप उघडणारा ड्रेन असतो. तुमचा घरगुती गिझर आहे, त्याला तसं काही नाही. म्हणून डिसेंबरअखेरच्या मनालीसाठी माझं मत स्पष्ट आहे: सिस्टीम भरूच नका. नागपूरहूनच वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण कोरडी करून पाठवा आणि वीस लिटरचे दोन-तीन जार केबिनमध्ये ठेवा. प्यायला, स्वयंपाकाला, तोंड धुवायला तेवढं पुरतं. आंघोळ हॉटेलात किंवा होमस्टेत. सहलीची मजा यात कमी होत नाही, आणि मेहुण्यांना रात्री उणे तापमानात गाडीखाली लोळावं लागत नाही.

त्यांना वाटेत पाणी वापरायचंच असेल तर सागर, झाशी, आग्र्यापर्यंत वापरू द्या. तिथे थंडी बोचते, पण सहसा गोठण्याइतकी नसते. मंडीला मात्र थांबायचं आणि कुल्लूकडे चढायच्या आधी सगळा निचरा करायचा. मनालीत पोचून, अंधार पडल्यावर, थंड बोटांनी हे काम नीट होत नाही. अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला जायचा बेत असेल तर ती उंची तीन हजार मीटरच्या वर आहे. तिथे जारसुद्धा रात्री पांघरुणाजवळ ठेवावे लागतात.

अँटिफ्रीझबद्दल तुम्ही विचारलंत. निचरा नीट झाला असेल तर नळ्यांत भरायची गरज नाही. सिंकच्या आणि शॉवरच्या ट्रॅपमध्ये पाणी राहतं. बाटलीसारखा ट्रॅप असेल तर खालची वाटी फिरवून रिकामी करा. खोलता येत नसेल तर अर्धा कप फूड ग्रेड प्रोपिलिन ग्लायकॉल ओता, केमिकलच्या दुकानात मिळतं. पण गाडीच्या रेडिएटरचा कूलंट त्याऐवजी कधीही, कुठेही ओतू नका. बहुतेक कूलंटमध्ये एथिलिन ग्लायकॉल असतं. ते विषारी आहे, चवीला गोड आहे, आणि लहान मुलं व कुत्री त्याने दगावतात. पिण्याच्या पाण्याच्या सिस्टीमजवळ त्याचा डबासुद्धा ठेवू नये असं मी कारागिरांना बजावतो.

गाडी परत वापरात आणताना क्रम उलटा. आधी सगळे ड्रेन बंद, गाळणी घट्ट, नळ्या जोडलेल्या. टाकी घासून धुवा. मग शंभर लिटर पाण्यात पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट शंभर मिलिलिटर घाला, म्हणजे लिटरमागे पन्नास मिलिग्रॅम क्लोरीन होतं. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पंप चालवा आणि चार तास तसंच ठेवा. गिझर या वेळी बंदच. टाकी स्टीलची असेल तर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, क्लोरीनने स्टीलला खड्डे पडतात. नंतर वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने धुऊन काढा.

पंपाला दाब धरू द्या, सगळे नळ बंद करा आणि अर्धा तास शांत बसून ऐका. पंप मध्येच वाजला तर कुठेतरी गळतंय. टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक जोडाखालून फिरवा, डोळ्याला न दिसणारी ओल कागदाला कळते. गरम नळातून हवा न थुंकता अखंड धार आली म्हणजे गिझर भरला. त्यानंतरच बटणावरची चिकटपट्टी काढा.

तुमच्या गिझरला खाली ड्रेन प्लग आहे का आणि टाकी आत आहे की चॅसिसखाली, एवढं कळवा. टाकी खाली असेल तर ड्रेन कॉकची जागा बदलावी लागेल का ते फोटो बघून सांगतो.